अनामिकेची अंगठी

मी खिडकीत बसतो. म्हणजे काचेच्या आत. पलीकडच्या माणसाला माझा चेहरा अर्धामुर्धाच दिसतो. नीट दिसतात ते हात. फटीतून कागद आत येतो, मी तपासतो, शिक्का मारतो, परत सरकवतो. २२ वर्षं हेच. रस्त्यात मला कुणी ओळखणार नाही, पण माझे हात बऱ्याच जणांनी जवळून पाहिलेत.

त्यातल्या उजव्या हाताची अनामिका मी त्याहून जास्त वर्षं लपवत आलोय. सोळाव्या वर्षी झेल घेताना चेंडू बोटाच्या टोकावर बसला. मुरगळलं असेल म्हणून तेल चोळत बसलो. हाड मोडलं होतं हे कळेपर्यंत ते आपल्या मर्जीने जुळून मोकळं झालं होतं. मधला सांधा बोराएवढा फुगलेला राहिला आणि बोट करंगळीकडे कललं. दुखत नाही, काम अडत नाही, फक्त दिसतं. कागद सरकवताना ते तळव्यात मुडपून घ्यायचं, फोटोत डावा हात उजव्यावर ठेवायचा, या गोष्टी इतक्या अंगवळणी पडल्या की मी लपवतोय हेही मी विसरलो होतो.

अंगठी घडवायच्या वर्गाला नाव घातलं ते बोटासाठी नव्हे. हाताने काहीतरी करावंसं वाटत होतं एवढंच. सहा रविवार, चांदीची पट्टी, शेवटी अंगठी घेऊन घरी. अंगठी कुणाला तरी देऊन टाकू असा विचार होता. दागिना आणि मी यांचा संबंध नाही, असं पहिल्या दिवशी मी बाईंना सांगितलंसुद्धा. बाईंनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. “घड्याळ कुणी निवडलं?” मी म्हटलं, मीच. “पट्टा चामड्याचा का, धातूचा का नाही? तबकडी पांढरीच का?” मला दोन्हींची उत्तरं ताबडतोब देता आली आणि तिथेच मी हरलो.

वर्गाच्या भिंतीवर एक छापील चित्र होतं. चिमुकले शिंपले, प्रत्येकाला एक भोक. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सापडलेले, सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे. मोरोक्कोतल्या बिझमून गुहेतले शिंपल्यांचे मणी तर त्याच्या जवळजवळ दुप्पट जुने निघाले, ते २०२१ मध्ये जाहीर झालं. एवढे मोठे आकडे माझ्या डोक्यात नीट बसत नाहीत. पण बाईंनी सांगितलेली एक गोष्ट बसली. ब्लॉम्बोसच्या शिंपल्यांच्या भोकांच्या कडा झिजलेल्या आहेत. दोरा घासून, कातडीला घासून. म्हणजे ते नुसते ओवून ठेवलेले नव्हते, कुणीतरी ते अंगावर वागवत होतं. तेव्हा शेती नव्हती, मातीचं भांडं नव्हतं, धातू तर फारच लांब. पण गळ्यात घालायला काहीतरी हवं, हे होतं.

मग माप. घरून बोटाचं माप घेऊन या, असं सांगितलं होतं. कागदाची अरुंद पट्टी बोटाभोवती गुंडाळायची, खूण करायची, मिलिमीटर मोजायचे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत अंगठीचा आकार म्हणजे आतला परीघ, तोही मिलिमीटरमध्ये. अमुक नंबर, तमुक अक्षर हे देशोदेशीचे वेगळे प्रकार. माप दिवसातून दोनतीनदा घ्यायचं, कारण बोट उन्हाने, श्रमाने फुगतं आणि थंडीत आक्रसतं. मी दोन्ही हातांच्या सगळ्या बोटांची मापं घेतली. कशासाठी, तेव्हा सांगता आलं नसतं. उजवी अनामिका मुळाशी ५६ भरली. सांध्यावर ६१.

रविवारी बाईंनी विचारलं, “कुठल्या बोटाला?” आणि मी अंगठी कुणाला तरी देणार होतो ते साफ विसरून म्हणालो, “उजवी अनामिका. ५६.” हात टेबलाखाली होता.

“सांध्यावरून जाईल?”

“जाते, जाते.”

पुढचं सगळं रामायण या दोन शब्दांमुळे घडलं.

आमची चांदी ९२५ची. हजार भागांत ९२५ चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं. शुद्ध चांदी इतकी मऊ की रोजच्या वापरात अंगठी वाकेल, म्हणून तांबं. पट्टीची जाडी १.५ मिलिमीटर. आतल्या व्यासात जाडी मिळवायची आणि ३.१४ने गुणायचं, नुसता आतला परीघ कापला तर अंगठी आखूड पडते, कारण वाकवताना बाहेरची बाजू ताणते आणि आतली दबते. माझं उत्तर आलं ६०.७. कापायच्या आधी मात्र पट्टीवर हातोडीचे ठसे उठवायचे, कारण ठोकताना पट्टी लांबते आणि मग माप चुकतं.

हे ठोकणं मला सगळ्यात आवडलं. हातोडीचं तोंड आरशासारखं घासलेलं हवं. तोंडावर चरा असेल तर तोच चरा प्रत्येक घावाबरोबर चांदीवर उमटतो. आधी तांब्याच्या तुकड्यावर सराव. बाकीच्यांचे ठसे गोल येत होते, माझे लांबट आणि सगळे एकाच बाजूला जास्त खोल, झुकल्यासारखे. मनगट बदललं, ऐरणीची जागा बदलली, उपयोग नाही. बाई मागे येऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमचं एक बोट मुठीत नीट येत नाहीये.” खरंच होतं. कललेली अनामिका दांड्यावर घट्ट बसत नाही, त्यामुळे हातोडी किंचित तिरपी पडते. मी सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, “सॉरी कशाला? अक्षर आहे ते तुमचं. सरळ काढायला गेलात तर कॉपी दिसेल.” आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. मी तिरपेच घाव घालत राहिलो. दहा मिनिटांनी चांदी ताठरली, हातोडी टणटणायला लागली. धातू ठोकला की आतून आडमुठा होत जातो. आणखी ठोकलं तर तडकतो. मग त्याला ताव द्यायचा. दिवे मंद करून पट्टी अंधूक लाल होईपर्यंत तापवायची आणि पाण्यात सोडायची. चुर्र होतं आणि पट्टी पुन्हा हाताने वाकेल इतकी मऊ. लोखंड असं तापवून पाण्यात टाकलं तर कडक होतं असं ऐकत आलो होतो. चांदीचं नेमकं उलटं.

आरीबद्दल फार सांगत नाही. पातं दोऱ्याएवढं, दात मुठीकडे, म्हणजे कापायचं खाली ओढताना. पहिल्या दिवशी मी सात पाती मोडली. टेबलाच्या कडेखाली चामड्याची झोळी ताणलेली असते, त्यात चांदीचा कीस पडतो. तो झटकून टाकायचा नाही, गोळा करायचा. झारेकरी हा शब्द लहानपणी ऐकला होता, सोनाराची राख धुऊन कण काढणारा; त्याचा अर्थ त्या झोळीपाशी कळला.

झाळणं, म्हणजे तापवून सांधणं, ही खरी परीक्षा. पट्टी वाकवून दोन्ही टोकं भिडवायची, आणि भिडवायची म्हणजे उजेडाकडे धरली तर मधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. डाख, म्हणजे सांधायला वितळवायचा धातू, फट बुजवत नाही. तो भेगेत शिरतो, खड्डा भरत नाही. माझी पहिली चार भिडवणं बाईंनी परत पाठवली. पाचव्यांदा काही न बोलता डाख वाहावा म्हणून लावायच्या टाकणखाराची वाटी पुढे सरकवली.

डाख म्हणजेही चांदीच, पण तांबं आणि जस्त जास्त घातलेली, त्यामुळे आधी वितळणारी. ९२५ची चांदी पूर्ण पातळ व्हायला सुमारे ८९० अंश सेल्सिअस लागतात. सगळ्यात कठीण डाख त्याच्या शंभरेक अंश आधीच वाहतो. डाखाचे प्रकार तीन: कठीण, मध्यम, सोपा. एकाच दागिन्यात तीनदा झाळायचं असेल तर या क्रमाने वापरायचे, म्हणजे नवा सांधा जोडताना जुना सुटत नाही. मला एकदाच झाळायचं होतं. कठीण घेतला.

टाकणखार लावल्यावर आधी पांढरा फेस येतो, मग तो बसतो, मग काचेसारखा पारदर्शक होतो. ज्योत डाखावर धरायची नाही. सगळी अंगठी तापवायची, गोल गोल फिरत, कारण डाख उष्णतेच्या मागे जातो. नवखा माणूस तुकड्यावरच ज्योत धरतो, तुकडा वितळून गोळी होतो आणि तिथेच रुसून बसतो. माझीही आधी गोळीच झाली. दुसऱ्यांदा मी श्वास रोखून अंगठीभोवती ज्योत फिरवत होतो आणि अचानक भेगेतून एक चकचकीत रेघ सर्रकन पळाली. अर्ध्या सेकंदाचा खेळ. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, “काका, झालं?” मला पटकन बोलता आलं नाही.

मग मी घाण केली. झाळताना टोकं धरून ठेवायला लोखंडाची तार गुंडाळली होती. ती न सोडवताच अंगठी आम्लाच्या गरम पाण्यात टाकली. काळे डाग काढायला हे पाणी असतं, आणि त्यात चिमटासुद्धा तांब्याचाच घालायचा हे फळ्यावर लिहिलं होतं. लोखंड गेलं की पाण्यात विरघळलेलं तांबं चांदीवर चढतं. माझी अंगठी गुलाबी होऊन बाहेर आली. घासून निघते ती गुलाबी, पण वर्गभर हशा पिकला तो पिकलाच.

घासली, निमुळत्या पोलादी दांड्यावर चढवून मोगरीने गोल केली. बाई म्हणाल्या, “घाला बघू.”

अंगठी सांध्यापर्यंत आली आणि थांबली. अर्थातच थांबली. मी तिला जरा फिरवली, दाबली, साबण लावून आलो असं म्हणून नळापाशी जाऊन उभा राहिलो. सगळं शिकल्यासारखं केलं होतं मी, आकडेमोड बरोबर, भिडवण बरोबर. खोटं फक्त सुरुवातीचं माप होतं. परत आलो तर बाई हात पुढे करून उभ्या. “दाखवा.”

दुसऱ्या कुणाच्या हातात ते बोट द्यायची मला सवय नव्हती. त्यांनी ते पट्टी तपासावी तसं तपासलं. वर-खाली केलं, सांध्याच्या दोन्ही बाजूंना चिमटीत धरलं, तळव्याच्या बाजूने दाबलं, मापाच्या कड्या एकेक करून सरकवून पाहिल्या. काय झालं, कधी झालं, दुखतं का, यातलं एकही विचारलं नाही. “हाड आडवं रुंद आहे. तळव्याकडचं मांस मऊ आहे,” त्या म्हणाल्या. “होईल. ६१ करू, आणि आत दोन मणी लावू.”

एक-दोन मिलिमीटरचा प्रश्न असता तर अंगठी दांड्यावर ठोकून वाढली असती. पाच मिलिमीटर ठोकून काढायचे म्हणजे ती पातळ होणार. त्यापेक्षा जुन्या सांध्यावर कापून पाच मिलिमीटरचा तुकडा घालायचा. सरळ भाषेत, ठिगळ. नवी अंगठी करायलाही पट्टी उरली होती, बाईंनी तेही विचारलं. पण रेघ पळाली ती या अंगठीत. मी ठिगळ म्हटलं.

उरलेल्या पट्टीतून तुकडा कापला, दोन्ही कडा कानशीने घासून भिडवल्या, या वेळी मध्यम डाख, दोन सांधे एकदम. तार सोडवून मगच आम्लात. बाहेर काढली आणि पाहिलं तर ठिगळावरचे ठसे उलटीकडे झुकलेले. तुकडा बसवताना मी तो फिरवला होता. सगळी अंगठी डावीकडे तिरपी आणि मधेच पाच मिलिमीटर उजवीकडे, चुकीच्या दिशेने चाललेल्या माणसासारखे. पुन्हा कापू का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, “तुम्हाला रोज बघायचीय. तुम्ही ठरवा.”

या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपण उघड गोष्टीबद्दल म्हणतो, पण ते शब्दशःही खरं आहे. कानातलं, नाकातलं, गळ्यातलं आपल्याला आरशाशिवाय दिसत नाही. ते दुसऱ्यांसाठी असतं किंवा दुसऱ्यांच्या नजरेतून आपल्यासाठी. हातातलं मात्र दिवसभर आपल्याच डोळ्यांसमोर. माणूस दागिन्यातून स्वतःला व्यक्त करतो असं सगळे म्हणतात. पण कुणाकडे? मला वाटतं, निदान अंगठीच्या बाबतीत तरी ऐकणारा बहुतेक वेळा घालणाराच असतो. उलटे ठसे मी तसेच ठेवले.

मणी करणं ही साऱ्या कामातली मौज. चांदीचे दोन कपटे कोळशाच्या ठोकळ्यावर ठेवायचे आणि ज्योत धरायची. आधी टोकं मऊ होतात, मग कपटा थरथरतो, आणि एकदम स्वतःला गुंडाळून घेतो. पाऱ्यासारखा गोल, चकाकता थेंब. कुणी गोल करत नाही, पातळ धातू आपल्याच ताणाने गोल होतो. खालची बाजू ठोकळ्यावर किंचित चपटी राहते आणि ती आपल्या कामाची, तिथूनच तो अंगठीला चिकटवायचा. मी दोन हवे असताना नऊ केले. बाई बघून न बघितल्यासारखं करत होत्या.

आतल्या बाजूला, तळव्याकडे, घड्याळातल्या पाच आणि सातच्या जागी हे दोन मणी. सोपा डाख. अंगठी सांध्यावरून उतरताना ती जरा फिरवायची, म्हणजे मणी रुंद हाडाच्या वाटेत येत नाहीत. मुळाशी पोचली की परत फिरवून सरळ करायची. मग मणी मऊ मांसात टेकतात आणि अंगठी गरगरत नाही. बाहेरून काही दिसत नाही. बाईंनी सांगितलं की पंधराव्या ते सतराव्या शतकात युरोपात अंगठ्यांच्या आतल्या बाजूला एखादी ओळ कोरून देत, प्रेमाची किंवा लग्नाची, घालणाऱ्याच्या कातडीला लागून. “तुम्हाला काही कोरायचंय का?” मी नको म्हटलं. आत आधीच गर्दी झाली होती.

शेवटच्या रविवारी नुसतं घासणं. कानस, मग पॉलिश पेपर २२०, ४००, ६००, १२००, प्रत्येक वेळी आधीच्याच्या आडवं, म्हणजे जुने ओरखडे गेले की नाही ते कळतं. बोटांची टोकं काळी झाली. काही जणांनी अंगठ्या गंधकाच्या पाण्यात मुद्दाम काळ्या करून वरून पुसल्या, त्याने ठसे उठून दिसतात. मी ते केलं नाही. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडणारच आहे, तिला घाई नको.

सोमवारी खिडकीत बसलो. बोट मुडपायची सवय एका दिवसात जात नाही; अंगठी तळव्यात रुतली की आठवण व्हायची. मग सरळ करायचो. तीन आठवडे कुणीही काही म्हटलं नाही. मला वाटत होतं, सगळी रांग अंगठीकडे बघेल. रांगेला आपापले कागद असतात. अखेर एका वयस्कर बाईंनी फटीतून पावती घेताना थांबून पाहिलं आणि काळजीने म्हणाल्या, “दादा, बोट सुजलंय हो. अंगठी काढून ठेवा, नाहीतर अडकेल.” मी म्हटलं, “नाही आजी, ते तसंच आहे.” असं मी आजवर कुणाला म्हणालो नव्हतो.

आता वर्ष होत आलं. ठसे खोलगट जागी काळसर झालेत. ठिगळाच्या दोन्ही कडांना डाखाच्या रेघा दिसायला लागल्यात, चांदीपेक्षा जरा पिवळट. नवी असताना त्या शोधाव्या लागत. काम करताना अंगठी काढत नाही, पण यंत्रापाशी किंवा शिडीवर चढताना काढतो. अंगठी कशात अडकली तर बोट जायबंदी होतं हे बाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं. थंडीच्या सकाळी ती सैल होते आणि मणी असूनही अर्धा फेरा घेते. उन्हाळ्यात काढायला साबण लागतो.

रात्री झोपताना काढतो. डावीकडे पाव फेरा, थांबायचं, सांध्यावरून ओढायचं, मग उजवीकडे. बोटाच्या मुळाशी तळव्याच्या बाजूला दोन खळगे उरतात, मण्यांचे. दिवा घालवेपर्यंत ते भरत नाहीत.